२२ गाणी, १५ तास

प्रिय,

तुझ्या वृंदगानाच्या गाण्यांची यादी मिळाली. सीझनमध्ये चार कार्यक्रम, २२ गाणी, आणि पहिला कार्यक्रम १० आठवड्यांवर. वाचता वाचता गुणगुणायला लागले, म्हणजे निवडीबद्दल माझी तक्रार नाही. पण कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक हिशोब मांडलाय, तो आधी बघ.

आठवड्याला एक तालीम, दोन तासांची. म्हणजे २० तास झाले. प्रत्येक तालमीतली १५ मिनिटं आवाज मोकळे करण्यात जातात. आणखी १५ उशिरा येणारे, हरवलेल्या फायली आणि सूचना खातात. हातात राहतो दीड तास. दहा आठवड्यांचे १५ तास. तुला सगळी गाणी पहिल्या कार्यक्रमाआधीच बसवून ठेवायची आहेत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम ४० मिनिटं. एवढ्यात सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे तसेच) अशा चार ओळी वेगवेगळ्या शिकवायच्या, मग एकमेकींवर बसवायच्या. शिवाय हे हौशी लोक आहेत. कुणाची नोकरी, कुणाचं आजारपण. प्रत्येक जण दोन-तीन तालमी बुडवणारच, आणि त्यावर चिडण्यात अर्थ नसतो. ते धरूनच बेत आखायचा.

तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला नऊ गाणी घे. पुढच्या प्रत्येक वेळी त्यातली दोन-तीन बदल, बाकीची तीच राहू देत. ऐकणारे कंटाळतील ही भीती सोड. चारही कार्यक्रमांना येणारे लोक बहुतेक गाणाऱ्यांच्या घरचेच असतात. उलट तेच गाणं चौथ्यांदा म्हणताना काय होतं ते बघ. पहिल्यांदा सगळ्यांच्या माना फायलीत असतात. चौथ्यांदा सगळे तुझ्याकडे बघत असतात, आणि तेव्हाच तुझ्या लय दाखवणाऱ्या हाताला काही अर्थ येतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, पोळून सांगतेय. माझ्या तिसऱ्या का चौथ्या सीझनमध्ये असाच गाण्यांचा हव्यास केला होता. एका गाण्याची पहिली दोन कडवी साथीशिवाय होती, तिसऱ्याला कीबोर्ड यायचा. तालमीत ते फार तर तीनदा पूर्ण झालं असेल. कार्यक्रमात दोन कडवी इतकी एकजीव झाली की मीच खूश. मग कीबोर्ड आला, आणि कळलं की आम्ही सगळे मिळून अर्धा स्वर खाली उतरलो आहोत. ४४० हर्ट्झचा स्वर ४१५ वर, आणि आम्हाला पत्ताच नाही, कारण सगळे एकत्रच उतरलो होतो. कीबोर्ड वाजवणाऱ्यानं क्षणभर हात उचलले, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे एक पट्टी खाली जाऊन पुन्हा धरलं. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

सूर असा का उतरतो? दमल्यावर श्वासाचा आधार सुटतो. एकच स्वर सलग पाच-सहा वेळा आला की प्रत्येक वेळी केसभर खाली येतो. हळू म्हणताना लोक आवाजाबरोबर अंगही सैल सोडतात. साथीशिवायची गाणी तालमीत अधूनमधून अर्धा स्वर चढवून म्हणून बघ. कान आळसावत नाहीत. आणि कडवं संपलं की कीबोर्डवर एक स्वर दाबून तपासायची सवय लाव. रागवू नकोस, नुसतं ऐकव.

एकमेकांना ऐकणं ही वृंदगानातली खरी मेहनत. शेजारचा मोठ्यानं गातोय म्हणून आपण मोठ्यानं गायचं, त्यामुळे त्यानं आणखी मोठ्यानं! गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. १९११ मध्ये लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याबद्दल लिहिलं होतं. यावर भाषण देऊन उपयोग नाही. प्रत्येकाला शेजाऱ्यापासून एक पाऊल लांब उभं कर. स्वतःचा आवाज ऐकू आला की ओरडणं आपोआप थांबतं.

लांब स्वरावर श्वास पाळीपाळीनं घ्यायला शिकव. शेजारी घेतोय तेव्हा आपण घ्यायचा नाही, आणि दोन शब्दांमधल्या मोहाच्या जागी तर नाहीच. स्वराच्या मध्यावर हळूच बाहेर पडायचं आणि तितकंच हळूच परत शिरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, ३० माणसांना मिळून एकच न संपणारा श्वास आहे. तसंच ओळीच्या शेवटी येणारा ‘स’. प्रत्येकानं आपापल्या वेळी सोडला की सभागृहभर फुसफुस. मी तो फक्त चौघांवर सोपवते. बाकीच्यांनी स्वर मिटून गप्प राहायचं. सुरुवातीला लोक हसतात, रेकॉर्डिंग ऐकल्यावर हसत नाहीत.

तुझा तो कणसूर टेनर. त्याला काढावं का, असं विचारलंस. मी काढणार नाही. ऑडिशन न घेता लोकांना बोलावलं असेल तर नंतर चाळणी लावणं मला तरी पटत नाही. दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये, किंचित पुढे उभा कर, म्हणजे दोन्ही कानांत बरोबर सूर पडेल. महिनाभर थांबून बघ.

सभागृहाचंही बघायला हवं. रिकाम्या सभागृहात तुमचं गाणं सुंदर घुमेल, त्यावर भुलू नकोस. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमध्ये खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करून हेच मोजलं होतं. सभागृह भरलं की तीच लय ओढल्यासारखी वाटते. थोडी पुढे ढकलावी लागली तर ढकल. शिवाय दहा मीटर लांबच्या माणसाचा आवाज तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण ३४ वा भाग लागतो. लांबच्या टोकाचे लोक कानावर विसंबले तर मागे पडतात. त्यांना सांग, लय हातावरून घ्या, सूर कानावरून.

स्टेजवर येणं-जाणं मात्र एकदा तरी करून घे. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण तालीम नको, गळे संध्याकाळसाठी ठेव. प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट केला की पुरे.

आता ती यादी कापून पुन्हा पाठव. सातव्या क्रमांकाचं गाणं तुझं लाडकं आहे, हे अक्षरावरूनच कळलं. ते ठेव. पण चौथ्या कार्यक्रमाला.

तुझी,
ताई