टीओटीत खेळांची यादी नको, सरावाला वेळ द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. काटोल, कुही आणि रामटेक तालुक्यांत बचत गटाच्या बायकांसाठी एकदिवसीय कार्यशाळा घ्यायला तुमच्या संस्थेनं १४ प्रशिक्षक निवडले. नागपुरात तीन दिवसांचं टीओटी, म्हणजे प्रशिक्षकांचं प्रशिक्षण, झालं, बाहेरून तज्ज्ञ आले, पीपीटी झाल्या, जाडजूड फाईल दिली. तरी गावात गेल्यावर सगळे भाषणच देऊन राहिले. म्हणून तुम्हाला चांगल्या खेळांची यादी हवी आहे, मागं बसणाऱ्या बायका कशा बोलत्या करायच्या ते हवं आहे, आणि प्रमाणपत्र कधी द्यावं हेही विचारलंय.

यादी देत नाही. टाळ्यांचे नि नावांचे खेळ तुमच्या लोकांना पाठ असतात. अडचण दुसरीकडेच आहे. तीन दिवस त्यांनी भाषण ऐकलं, गावात जाऊन भाषण दिलं. जसं शिकलो तसंच माणूस शिकवतो. त्यात 'सहभागी पद्धती' या विषयावर दोन तासांचं व्याख्यान ठेवलं असेल तर विचारायलाच नको.

माझ्या मते टीओटीचा निम्म्याहून जास्त वेळ प्रशिक्षकांनी स्वतः सत्र घेण्यात जायला हवा. ही कल्पना जुनीच आहे. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन यांनी शिक्षकांसाठी सूक्ष्म अध्यापन सुरू केलं: छोटा पाठ घ्या, त्यावर बोला, तोच पाठ पुन्हा घ्या. बीएड केलेल्यांना हे माहीत असतं, पण आपल्याकडच्या टीओटीत ते 'वेळ उरला तर' शेवटच्या दुपारी येतं. तुमचा हिशोब मांडते. एका प्रशिक्षकाला २० मिनिटं सत्र आणि २० मिनिटं चर्चा. १४ जणांना एकाच हॉलमध्ये बसवलं तर सव्वानऊ तासांवर जातं, म्हणून कोणी करत नाही. दोन खोल्यांत सात-सात जण बसवा, ४ तास ४० मिनिटांत आटोपतं. दुसऱ्या दिवशी तेच सत्र सुधारून पुन्हा घ्यायचं, तेव्हा १५ मिनिटं पुरतात. विषय बदलू देऊ नका. नवा विषय दिला की माणूस पुन्हा मजकुरातच अडकतो.

विषय कसा असावा? समजा बचत गटाची पंचसूत्री आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. दहातले नऊ प्रशिक्षक पाच मुद्दे फळ्यावर लिहितात, बायकांकडून म्हणवून घेतात आणि "समजलं ना?" विचारतात. "हो" येतो. त्यांना त्याऐवजी कर्जाच्या नोंदीचं एक पान द्या. गटातल्या एकीनं ५,००० रुपये घेतले, शेकडा १ रुपया महिना व्याजानं. पहिल्या महिन्यात ५०० मुद्दल आणि ५० व्याज, असे ५५० भरले. दुसऱ्या महिन्यातही पानावर व्याज ५०च लिहिलंय. शिल्लक ४,५०० वर ते ४५ व्हायला हवं. प्रशिक्षकानं काही न सांगता पान मध्ये ठेवायचं आणि एवढंच म्हणायचं, "यात काही खटकते का, बघा बरं." पाच रुपयांची चूक सापडली की बायका आपापल्या गटाचं रजिस्टर आठवून भांडायला लागतात, आणि कार्यशाळा तिथून सुरू होते. माल्कम नोल्स यांनी १९७० च्या आसपास प्रौढ शिक्षणाबद्दल जे मांडलं त्याचा मोठा भाग हाच आहे: मोठी माणसं अनुभव घेऊन येतात आणि आज उपयोगी पडणारं आधी शिकतात. सिद्धांतावर टीओटीत याहून जास्त वेळ घालवू नका.

पण हे पान वाचता न येणाऱ्या बाईनं काय करायचं? सर्वसमावेशकतेची परीक्षा इथंच होते. 'गट करा, चर्चा करा, चार्टपेपरवर लिहा, सादर करा' हा आपला लाडका प्रकार दिसायला सहभागी असतो. प्रत्यक्षात प्रत्येक गटात बारावी झालेली एक सून स्केचपेन धरते आणि बाकीच्या तिच्या अक्षराकडे बघत बसतात. व्याजाचाच हिशोब चिंचोक्यांनी मांडायला लावा. एक चिंचोका म्हणजे ५ रुपये: पहिल्या महिन्याच्या व्याजाचे दहा, दुसऱ्याचे नऊ. निरक्षर आजी तो हिशोब पटकन धरते, कारण पैशाचा व्यवहार तिनं आयुष्यभर तोंडी केलाय. लिहायचंच असेल तर जी लिहिणार ती बोलणार नाही, एवढा एक नियम पुरे.

सराव सत्रात एका निरीक्षकाला कागदावर बसण्याचा नकाशा काढायला लावा. कोणी बोललं की त्या जागी एक रेघ. प्रशिक्षकानं कोणाकडे बघून प्रश्न विचारला, तिथं टिंब. चर्चेच्या वेळी तो कागद निव्वळ समोर ठेवायचा. सगळ्या रेघा पहिल्या ओळीत, दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र एकही नाही, हे दिसल्यावर वेगळं समजवावं लागत नाही. चर्चेत आधी स्वतः प्रशिक्षक बोलेल, मग सरावात गावातल्या बायकांची भूमिका करणारे सहकारी, आणि शेवटी उद्यासाठी एकच बदल ठरेल. सूचनांची बारा कलमं दिली तर दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही दिसत नाही.

मागच्या ओळीबद्दल. प्रश्न विचारून थांबायला शिकवा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांत मोजलं, तर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीनेक सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण उभ्या माणसाला ते फार लांब वाटतात, म्हणून सरावात मनातल्या मनात मोजायला लावा. त्याआधी शेजारणीशी दोन मिनिटं बोलू द्या. सासू त्याच हॉलमध्ये असेल तर सून सगळ्यांसमोर बोलणार नाही, शेजारणीशी मात्र बोलते. सासू-सुनेला वेगळ्या गटांत बसवणं हा सोपा उपाय, आणि तो सह्या घेतानाच करायचा.

भाषेचं आपल्या भागात जरा जपून. १९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी मध्य प्रांताची आणि नंतर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथं मिसळलेली बोली ही रोजची आहे. "मॅडम, तुम्ही सांगून राहिले ते समजते, पण पुस्तकातलं नाही समजत" असं कोणी म्हटलं तर फाईलच्या मराठीची तक्रार समजा. बाईचं वाक्य शुद्ध करून परत म्हणणारा प्रशिक्षक तिला तिथंच गप्प करतो. रामटेककडे देवलापारच्या पट्ट्यात गोंडी बोलणाऱ्या बायका असतील, तर गटात आपसात गोंडीत बोलू द्या. सादरीकरण एखादी मराठीत करेल.

सुरुवातीला हळदीकुंकवानं स्वागत अजिबात नको. हॉलमध्ये विधवा बाई असतेच आणि पहिल्याच मिनिटाला ती बाजूला पडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानंही त्यानंतर परिपत्रक काढलं. म्हणजे आपल्याला निमित्तही आहे. ओळखीत शिक्षण आणि नवऱ्याचं नावही विचारू नका. "गावात तुमच्याकडे लोक कशासाठी येतात?" हे विचारा.

बाकी गोष्टी पटकन. 'माझा आवाज मोठा आहे' म्हणून माईक नाकारू नये, कमी ऐकू येणारी बाई हात वर करून सांगत नाही. फळ्यावर लिहिलेलं तोंडानंही वाचावं. पहिल्या मजल्यावरचा हॉल नको. कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख धरू नका, मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये दुपारी तर नाहीच. शेवटच्या एसटीची वेळ विचारूनच कार्यक्रमपत्रिका छापा.

आता प्रमाणपत्र. टीओटीच्या शेवटी फोटोसकट वाटू नका. प्रत्येकाच्या पहिल्या गावातल्या कार्यशाळेला तुमच्यापैकी कोणीतरी जाऊन मागं बसा, मध्ये बोलू नका, तोच नकाशा काढा आणि परतताना गाडीत त्यावर बोला. प्रमाणपत्र त्यानंतर. बजेट नाही म्हणाल, तर पुढच्या बॅचचं टीओटी दोन दिवसांचं करा. पहिल्या दिवशी अर्धा दिवस तुम्ही नमुन्याचं सत्र घ्या आणि जेवणानंतर सरावाची पहिली फेरी सुरू करा. दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी आणि गावनिहाय नियोजन. तज्ज्ञांची व्याख्यानं गाळलीत की हे बसतं, आणि तिसऱ्या दिवसाचा हॉल-जेवणाचा खर्च पेट्रोलला लावता येतो. देणगीदाराला कारण लागेल, तर दोन्ही फेऱ्यांचे नकाशे अहवालाला जोडा.