8.8 चा बोल्ट मिळाला नाही तर गाडीला सरळ 12.9 टाकला तर चालेल का?

नाही. 8.8, 10.9, 12.9 हे बोल्टच्या ताकदीचे नंबर; जुन्या बोल्टच्या डोक्यावर जो नंबर आहे तोच आणा, मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा.

कुपवाडला माझं गॅरेज आहे. याच विषयावर माझं आणि थोरल्या चुलतभावाचं आजही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दादाची पिकअप तासगावची द्राक्षं घेऊन वाशीला निघाली होती. पेठ नाक्याच्या पुढं हायवेला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं जोर नेणारा दांडा, मागच्या फ्लँजमधून (बोल्टनं जोडलेल्या चकतीतून) सुटला आणि ब्रेकचा पाइप तोडून रस्त्यावर आपटला. ड्रायव्हर हुशार, त्यानं गाडी कडेला घेतली. माल दुसऱ्या गाडीत भरला, ही ओढून माझ्याकडं आणली. चारपैकी एकच बोल्ट मूळचा, डोक्यावर 10.9. बाकीचे तीन कुणीतरी मधे बदललेले, कोऱ्या डोक्याचे, साध्या मऊ लोखंडाचे (एमएस). त्यातले दोन तुटलेले. तुटल्या जागी अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर बारीक बारीक वळ्या, उरलेला खरबरीत. म्हणजे चीर आधीपासून वाढत होती, त्या दिवशी फक्त शेवट झाला. तिसरा दिसायला धड होता, पण त्यावर नट हातानं दोन-चार आटे फिरला आणि अडकला. बोल्ट ताणून लांबला होता.

फ्लँजचा जोर बोल्ट आडवा झेलत नसतो. दोन तोंडं एकमेकांवर दाबून बसतात, त्या घर्षणावर शाफ्ट फिरतो. मऊ बोल्ट 10.9 इतका आवळला की ताणतो, कमी आवळला तर दाबच बसत नाही. दोन्हीकडून मरण.

एवढं बघून दादा दुसऱ्या टोकाला गेला. मार्केटातून चकचकीत झिंक मारलेले 12.9 घेऊन आला. मी बसवले नाहीत, 10.9 चेच घातले. त्याचं म्हणणं, मी हात आखडता घेतला. अजिबात नाही. 10.9 हा 1000 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरचा, 12.9 हा 1200 चा, हे मलाही कळतं. पण तो ताकदीला जास्त असला तरी ताणायला कमी असतो, न वाकता न सांगता तुटतो. इतक्या कडक बोल्टला झिंक प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरला आणि नंतर नीट भाजून काढला नाही, तर आवळून ठेवलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीत तुटू शकतो. शिवाय 8 नंबरच्या, म्हणजे 8.8 च्या जोडीच्या नटाला किंवा ॲल्युमिनियमच्या आट्यांना त्याची ताकद पेलतच नाही. बोल्ट राहतो, आटे जातात. ट्रॅक्टरवाल्यांनी तर हा नाद करूच नये. पीटीओ शाफ्टला (ट्रॅक्टरमागच्या अवजाराला जोर देणाऱ्या दांड्याला) शिअर बोल्ट असेल तर तो तुटण्यासाठीच दिलेला असतो. तिथं कडक बोल्ट घातला की गिअरबॉक्स फुटतो.

स्टेनलेसचंही तेच. ए2-70 हा स्टेनलेस बोल्टचा नंबर, म्हणजे 700, 8.8 पेक्षा कमी. बुलेटवाले हौसेनं ब्रेकच्या कॅलिपरला लावतात, लावू नका.

मडगार्ड, नंबरप्लेट, सीटखालची पट्टी, तिथं काहीही चालतं. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मात्र बघून घ्या, 10 एमएममध्ये 1.25 आणि 1.5 दोन्ही येतात. इंजिनचे हेड बोल्ट, स्टिअरिंग आणि ब्रेकचे बोल्ट बाहेरचे घेऊच नका, कंपनीचे घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा.