दगडामातीचं घर : वाचकांच्या शंका

पत्रं निरनिराळ्या गावांची, शंका एकच : जवळच्या दगडामातीचं घर टिकेल का? म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : कोकणात कौलारू छपराला उतार किती ठेवावा?

उत्तर : ३० अंशांच्या खाली नको. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत.

प्रश्न : जांभ्याचे चिरे खाणीवरून आले की लगेच बांधकाम सुरू करायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्या हवेत तो कडक होतो. काही महिने रचून ठेवा, मातकट निघतील ते परत करा.

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातले. शेतात काळा दगड भरपूर आहे. दोन खोल्या दगडात बांधायच्या म्हटलं की आईला धडकी भरते. १९९३ सालच्या भूकंपात दगडांनीच माणसं मारली, असं गावात सगळे म्हणतात.

उत्तर : आईंची भीती खरी आहे, तिला हसू नका. पण ‘दगडांनी मारलं’ हे वाक्य तीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी अस्वस्थ होतो, कारण त्यात खरं कारण झाकलं जातं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरं कोसळली, त्यांच्या जाड भिंतींना आत-बाहेर दोन वेगळे थर होते, मधे भर आणि चिखल. थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसताच ते फाकले आणि माळवदावरची, म्हणजे सपाट मातीच्या छपरावरची, टनावारी माती झोपलेल्यांवर आली.

त्यामुळे भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर हवेत. कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून बसवा. जोडणी चिखलात नको. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सळ्यांचा काँक्रीट पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरला पाहिजे. छप्पर हलकं ठेवा. नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि पट्टा ओतला जाईल त्या दिवशी आईंना तिथे न्या.

प्रश्न : एक विक्रेता ‘शंभर टक्के मातीच्या, पर्यावरणपूरक’ विटा देतोय. घ्याव्यात का?

उत्तर : एक वीट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. विरघळली तर पावसात उघड्या भिंतीला ती चालणार नाही. टिकली तर त्यात सिमेंट किंवा चुना आहे. यंत्राने दाबून केलेल्या, न भाजलेल्या मातीविटांत सिमेंट साधारण ५ ते ८ टक्के असतं. त्यात वावगं काही नाही, लपवणं वावगं. प्रयोगशाळेचा अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा.

प्रश्न : काळ्या मातीवरच्या घराला तिरक्या भेगा पडल्यात. दोनदा बुजवून रंग दिला, पुन्हा उघडल्या.

उत्तर : दोन वर्षं वाया घालवलीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलतो. तिसऱ्यांदा रंगारी बोलावू नका. या आठवड्यातच इंजिनिअरला दाखवा आणि मातीची तपासणी करून घ्या. तोवर जोत्यालगत पाणी साचू देऊ नका, भिंतीजवळ मोठं झाड लावू नका.