टायर कॅम्बर खातो की टो?

प्रश्न : माझी स्विफ्ट पुण्यात रोज चालते आणि सुटीच्या दिवशी ताम्हिणी घाटात जाते. तीन महिन्यांपूर्वी गाडी ३० मिमी खाली करणाऱ्या स्प्रिंग बसवल्या. पुढचे दोन्ही टायर आतून झिजायला लागलेत आणि सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं की गाडी उजवीकडे जाते. अलाइनमेंट मशीनची पावती अशी : पुढचा कॅम्बर डावा उणे १°५०′, उजवा उणे १°०५′, एकूण टो उणे ०°३६′. कॅम्बर कमी करू का?
– चिंचवडचे वाचक

उत्तर : कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा झुकाव; उणे असेल तर चाकाचा वरचा भाग आत झुकलेला. टो म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलीत, तो कोन. कॅम्बरला हात लावण्याआधी टो सुधारा, कारण टायर खाणारा खरा आकडा तोच आहे. टो उणे म्हणजे टो-आउट, पुढची टोकं बाहेर वळलेली. एकूण ३६ मिनिटं म्हणजे प्रत्येक चाकाला १८ मिनिटं, म्हणजे ०.३ अंश. इतक्या तिरकस चाकाचं रबर दर किलोमीटरला सुमारे ५ मीटर आडवं घासत जातं. टायरवरून आडवा हात फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर तो टोचा दोष. आतली कड गुळगुळीतच, पण जास्त झिजलेली असेल तर कॅम्बरचा. गाडी खाली आली की टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो आणि टो सरकतो, म्हणून स्प्रिंग बसवल्यावर ३००-५०० किमी चालवून त्या बसल्या की अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते.

पावती वाचताना एक चूक फार होते : ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, ०.३० अंश नव्हे. मशीन मिनिटं दाखवतंय की दशांश, हे आधी विचारा.

आता उजवीकडे ओढण्याचं. गाडी जास्त धन, म्हणजे कमी उणे कॅम्बर असलेल्या बाजूला ओढते. तुमच्या दोन बाजूंत ४५ मिनिटांचा फरक आहे, २० च्या वर तो नसावा. आपल्याकडे खड्डे आणि रस्त्याच्या तुटलेल्या कडा डाव्या चाकाला जास्त मिळतात, म्हणून डावीकडचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), त्याचा बुश आणि बॉल जॉइंट ढिले झालेत का, आणि स्ट्रट (स्प्रिंगसह शॉक अ‍ॅब्सॉर्बर) वाकलाय का, ते आधी तपासा. ढिला जॉइंट तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट पुढच्याच खड्ड्यात वाया जाते. टायरचाही दोष असू शकतो. पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा (बाण असलेले टायर नसतील तरच). ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा.

भाग ठीक निघाले की कॅम्बर दोन्हीकडे उणे १° ते १°२०′ आणि एकूण टो शून्य ते अधिक ०°०६′ ठेवा. रोजच्या गाडीला घाटात पुढचं टोक चटकन वळण्यासाठी एवढा कॅम्बर पुरतो. जरासा टो-आउट वळताना अधिक तिखट लागतो, पण एक्स्प्रेसवेवर गाडी भरकटते आणि सतत सावरावी लागते. रोजच्या वापरात तो घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काम करवून घेताना टायरमधली हवा थंड असताना दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. सेन्सर चारही चाकांना लावायला सांगा. मागचा टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) जुळवता येत नाही, पण तो तिरका बसला असेल तर पुढची चाकं त्याच्या दिशेशी जुळवावी लागतात, नाहीतर स्टिअरिंग वाकडं राहतं. आधी कॅम्बर, मग टो. उलटं केलं तर कॅम्बर हलवताना टो पुन्हा बदलतो. स्टिअरिंग सरळ करून लॉक करावं आणि दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवावेत. पाव फेऱ्याने त्या चाकाच्या टोमध्ये साधारण १० मिनिटांचा फरक पडतो. स्टिअरिंग रॅकच्या रबरी बूटची (आवरणाची) क्लिप आधी सैल करावी, नाहीतर बूट पिळून फाटतो आणि रॅकमध्ये पाणी शिरतं.

प्रश्न : कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला जायचं आहे. कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता येणारे बोल्ट) घालू का?
– कोल्हापूरचे वाचक

उत्तर : घाला, पण स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या जोडातला फक्त वरचा बोल्ट बदला, दोन्ही नाही. हा बोल्ट मूळपेक्षा बारीक असतो, म्हणून तो बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवरच आवळा आणि १०० किमीनंतर पुन्हा तपासा. उणे २° पर्यंत जा, टो शून्य ठेवा. चाकाचा वरचा भाग आत झुकला की टायर स्ट्रटजवळ येतो, मध्ये किमान ५ मिमी जागा हवी. रोजची आणि ट्रॅकची जागा बोल्टवर पेंटने खूण करून ठेवा, परतल्यावर मागे आणणं सोपं जातं. टो मात्र पुन्हा मोजूनच घ्या.

प्रश्न : स्विफ्टचा कॅस्टर वाढवता येईल का?
– नाशिकचे वाचक

उत्तर : कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे झुकाव. या गाडीत त्याला समायोजन नाही. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर काहीतरी वाकलंय, तो भाग शोधा.