सजवलेलं घर दाखवून अन्नमदतीसाठी निधी: आधी जिना बघा

तिकीट लावून सजवलेलं घर लोकांना दाखवायचं आणि जमलेली रक्कम अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला द्यायची, असा बेत असेल तर सजावटकार ठरवण्याआधी घरातून एकदा पाहुण्यासारखे चालून बघा. दार एकच वापरलं तर येणारे-जाणारे जिन्यावर समोरासमोर येतात आणि रांग तुंबते. मागचं दार उघडून घ्या, वाट एकेरी ठेवा. दर १५ मिनिटांना १२ जण आत सोडले तर चार तासांत १९२ तिकिटं होतात. त्यावर एकही विकू नका, ओळखीच्यांनाही नाही.

जिन्याचा कठडा सजवायची सगळ्यांनाच हौस. पण माळ वरून गुंडाळली की ज्येष्ठांना हात धरायला जागा उरत नाही. ती बाहेरच्या अंगाने सोडा. चिकटपट्टी नकोच, निघताना पॉलिश घेऊन निघते. खाली फेल्टची (जाड, मऊ कापडाची) पट्टी, वर केबल टाय (प्लास्टिकचा बंद). टायचं उरलेलं टोक अगदी मुळाशी कापा, नाहीतर लोकरी बाह्या अडकतात. मेणबत्त्या बॅटरीच्याच.

सजावटीचा खर्च कोणाचा, हे आधी कागदावर आणा. 'संपूर्ण रक्कम भुकेल्यांसाठी' असं छापून त्यातूनच फुलांचं बिल भागवलंत, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

लोक हौसेने दान म्हणून अन्नाचे बंद डबे आणतील. आणू द्या, पण भर रोख रकमेवर ठेवा: अन्नपेढीला घाऊक खरेदीत तेवढ्याच पैशात जास्त अन्न मिळतं, आणि मुदत उलटलेले डबे निवडण्यात स्वयंसेवकांचा वेळ जातो. दानपेटी बाहेर पडायच्या दाराशी हवी. आत शिरताना नुकतंच तिकीट दाखवलेला माणूस लगेच पुन्हा पाकीट काढत नाही.