दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात मुलांना घेऊन जाताय? आधी हे वाचा

डिसेंबरात सकाळी दहालाच चालायला लागा. चारच्या सुमारास सूर्य मावळतो. साध्या बुटांऐवजी गमबूट घाला, मुलांचे जादा मोजे पिशवीत असू द्या. सपाट, हिरवंगार शेवाळ दिसलं की पाय टाकू नका, खाली दलदल असते.

इथले पोनी, म्हणजे छोटे घोडे, मोकळे फिरतात, पण प्रत्येकाला मालक आहे. गाजर, सफरचंद, पाव काहीही देऊ नका; खाऊ घालायला आणि हात लावायला तिथे मनाई आहे. खाण्याची चटक लागली की पोनी गाड्यांपाशी, रस्त्यावर येतात आणि धडकेत मरतात. उपाशी राहतील ही काळजी नको, थंडीत ते गॉर्स आणि हॉली ही काटेरी झुडपंसुद्धा खातात. घोडी आणि शिंगराच्या मध्ये कधीच शिरू नका. कान मागे चिकटले की लाथ किंवा चावा आलाच समजा. मुलांना शांतपणे मागे घ्या.