बीएस्सी गणिताला मायनर म्हणून फिजिक्स घेतलं तर झेपेल का?

तू लिहिलंयस की मेजर, म्हणजे मुख्य विषय, गणित पक्कं आहे, मायनरला, म्हणजे जोडविषयाला, फिजिक्स की कॉम्प्युटर सायन्स यावरून घरात दोन पक्ष पडलेत, आणि तुला स्वतःला फिजिक्सची धास्ती वाटतेय. नुकतीच बारावी झालेलं कुणीतरी दिसतंय, म्हणून अहो-जाहो करत नाही.

मी २०२३ साली एका स्वायत्त कॉलेजात बीएस्सीला गेले. नव्या शैक्षणिक धोरणाची आमची पहिलीच बॅच, त्यामुळे पहिल्या बॅचची जी काय फरफट व्हायची ती सगळी झाली. गणित मेजर, फिजिक्स मायनर.

थिअरीची धास्ती सोडून दे. गणितवाल्यांना ती अर्धी आधीच येत असते. डिफरन्शियल इक्वेशनच्या पेपरला आम्ही एक समीकरण सतरा वेळा सोडवलं होतं. फिजिक्सला गेले तर तेच समीकरण स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं निघालं, आणि पुढच्या सेमिस्टरला एलसीआर (कॉइल-कपॅसिटर-रेझिस्टर) सर्किटचं. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स, बाकी अक्षर न् अक्षर तेच. वर्गातली इतर मुलं नव्याने शिकत होती, मी नुसती ओळख पटवत होते.

मला रडवलं ते प्रॅक्टिकलने.

न्यूटन्स रिंग्ज हा प्रयोग तुलाही करावा लागेल. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, वरून सोडियमचा प्रकाश टाकायचा, मग मायक्रोस्कोपमधून काळी-पिवळी कडी दिसतात. दिवा आधी गुलाबीसर लाल पेटतो, पिवळा व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात मी जर्नलचं पान आखून मोकळी. कड्यांचे व्यास मोजायचे, व्यासाचा वर्ग आणि कड्याचा नंबर यांचा आलेख काढायचा, त्याच्या चढावरून तरंगलांबी काढायची. उत्तर यायला हवं ५८९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास. माझं आलं ६१००.

आकडेमोड तीनदा तपासली, चूक सापडेना. सरांनी वही हातातही न घेता विचारलं, "मधनं बाहेर डावीकडे गेलीस, मग परत येऊन उजवीकडे, असंच ना?" असंच. मोजायचं सगळं एकाच दिशेने असतं, डावीकडच्या विसाव्या कड्यापासून थेट उजवीकडच्या विसाव्यापर्यंत. मायक्रोस्कोप सरकवायचा स्क्रू उलटा फिरवला की आटे धरेपर्यंत तो नुसताच फिरतो. आकडा पुढे सरकतो, मायक्रोस्कोप जागेवरच. त्यामुळे माझा प्रत्येक व्यास जेमतेम पाव मिलिमीटरने जास्त आला होता. दहावं कडं जेमतेम पाच मिलिमीटरचं, त्यात एवढाही फरक पुरतो.

पुन्हा मोजलं तर दुसरीच भानगड. रेषा सरळ आली, पण आरंभबिंदूतून जाईना. सूत्राप्रमाणे जायला हवी! मी ती पट्टीने ओढून शून्यात नेत होते, तेवढ्यात सरांनी थांबवलं. भिंगाखाली धुळीचा कण असला की सगळी रेषा वर-खाली सरकते, चढ मात्र तोच राहतो. आपल्याला चढच हवा. इंटिग्रेशनमधला कॉन्स्टंट परीक्षेत विसरून मी कितीदा मार्क घालवलेत, इथे तो चक्क धूळ होऊन बसला होता.

गणितात उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक. लॅबमध्ये पहिला प्रश्न "किती चूक?" आणि दुसरा "कशामुळे?" ही सवय लागायला मला वर्ष गेलं. ते वर्ष द्यायची तयारी असेल तर घे.

आता हिशोब. तीन वर्षांत मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट मिळतात, मेजरला एकूण क्रेडिटच्या निम्मे तरी. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. मार्क तेवढेच, वेळ दुप्पट, वर जर्नल घरी लिहायचं. शिवाय मायनरवाले म्हणजे पाहुणे. आमची बॅच शनिवारी दुपारी ढकललेली, आणि वाट्याला यायचं ते शेवटचं टेबल, जिथल्या स्पेक्ट्रोमीटरचा एक लेव्हलिंग स्क्रू तीन वर्षं जाम होता.

दुसरी अडचण सलगतेची. मेजरवाल्यांना पायऱ्या ओळीने मिळतात, मायनरला मधल्या गाळलेल्या असतात. आम्हाला लाटा नीट न शिकवताच ऑप्टिक्स आलं. मधलं मी एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन, लेक्चर्स बघून भरलं. पुढे एमएस्सी फिजिक्स करायचं मनात असेल तर आत्ताच त्या-त्या संस्थेचं माहितीपत्रक उघडून मायनर चालतो का ते वाच. जॅमच्या (आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) फिजिक्स पेपरात थर्मोडायनॅमिक्स, मॉडर्न फिजिक्स, सॉलिड स्टेट सगळं येतं, नुसत्या मायनरवर ते भागत नाही.

कॉम्प्युटर सायन्सवाल्या पक्षाला सांग की कोडिंग लॅपटॉपवर घरी शिकता येतं. मी पायथन असंच शिकले, तेही आलेख काढायचा कंटाळा येतो म्हणून. सोडियमचा दिवा आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप घरी कोण आणून देणार? नोकरी लगेच हवी असेल तर मात्र त्यांचंच ऐक, तिथे मी वाद घालणार नाही.

एकदा नारायणगावजवळ खोडदला जाऊन ये, विज्ञान दिनाच्या सुमाराला. तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून एका रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. दोन-दोनच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक फूरिए घटक मोजते, म्हणजे ज्या साध्या लाटांच्या बेरजेतून ते चित्र बनतं त्यातली एकेक लाट. फूरिए ट्रान्सफॉर्म मी तोवर फक्त फळ्यावर पाहिला होता. द्राक्षांच्या पट्ट्यात तो असा उभा असेल असं वाटलं नव्हतं.

फॉर्म भरायच्या आधी विभागात जाऊन एवढं विचार: मायनरच्या मुलांचं प्रॅक्टिकल कोणत्या वारी असतं आणि एका टेबलावर कितीजण असतात. चारच्या वर असतील तर स्क्रू तुझ्या हाताला लागणारच नाही.